वाचकांचे प्रश्न : आखाजीचे बोलावणे आणि सातबाऱ्यावरचे नाव

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली आहे, पेरण्या आटोपत आल्या आहेत आणि आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या श्रावणातल्या रोटांना अजून काही आठवडे आहेत. या मधल्या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची ओळख राहू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि गावाऐवजी फक्त तालुका ठेवला आहे. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, कारण तशाच आशयाची पत्रे मला गेली अनेक वर्षे येत आहेत आणि दर वर्षी आखाजीनंतर त्यांची संख्या वाढते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे माहेर यावल तालुक्यात आणि सासर शहादा तालुक्यात आहे. लग्नाला सव्वीस वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. त्यांच्या नावावर नऊ एकर केळीची जमीन आहे आणि मला दोन मोठे भाऊ आहेत. या आखाजीला दादाने फार आग्रहाने बोलावले. वहिनींनी सांजोऱ्या केल्या, भाच्यांनी मला झोक्यावर बसवले. निघायच्या दिवशी सकाळी मात्र चहाच्या कपाशेजारी हक्कसोडपत्राचा कागद ठेवला गेला. मी सही केली नाही, ‘घरी विचारून सांगते’ म्हणाले. तेव्हापासून भावांचा फोन नाही. आई शेजारच्या घरून फोन करते आणि म्हणते, ‘देऊन टाक सही, निदान तुझे माहेर तरी राहील.’ माझे यजमान म्हणतात की हक्क आहे तर घ्यायलाच हवा. मला जमीन हवी आहे की नको, हेच मला अजून समजलेले नाही. त्या चार दिवसांचे लाड खरे होते की कागदासाठी होते, हा विचार मात्र रात्री झोपू देत नाही. राखीला जाऊ की नको?

उत्तर : राखीला अवश्य जा. कागदाचे उत्तर तयार नाही म्हणून राखी चुकवू नका, आणि राखी बांधायला गेलात म्हणून कागदाचे उत्तर देण्याचे दडपणही घेऊ नका. भावांनी एकाच ताटात वाढलेल्या या दोन गोष्टी आता वेगळ्या करणे तुमच्या हातात आहे. जाण्यापूर्वी दादांना स्वतः फोन करून सांगा की मी राखीला येते आहे, जमिनीचे बोलणे आपण त्या दिवशी करणार नाही, त्यासाठी मी वेगळा दिवस काढून येईन. हे बोलताना आवाज कापेल, तो कापू द्या.

लाड खरे होते का, असे तुम्ही विचारता. मला वाटते, खरे होते. ज्या भावाने कागद पुढे केला त्यालाच लहानपणी तुम्हाला खांद्यावर बसवून तापीकाठच्या जत्रेला नेल्याचे आठवत असेल, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने राहू शकतात. आपल्याकडे बहिणीवरच्या प्रेमाची एक रीत ठरून गेली आहे : आखाजीला बोलावणे, दिवाळीला साडी, भाचीच्या लग्नात मामाचा मान. या रीतीत बहिणीला पुष्कळ मिळते, पण सातबाऱ्यावर तिचे नाव मात्र असायचे नाही, असे त्या रीतीतच गृहीत धरलेले आहे. तुमचे भाऊ तेच करत आहेत जे त्यांनी वडिलांना आत्यांच्या बाबतीत करताना पाहिले. त्यामुळे ते दुष्ट ठरत नाहीत. त्याचबरोबर ते म्हणतात ते न्याय्य आहे, असेही त्यातून सिद्ध होत नाही.

आता वस्तुस्थिती पाहू. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली जी दुरुस्ती झाली तिने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क कायम आहे. तुमचे लग्न झाले, त्यात खर्च झाला, सोने दिले, या कशानेही तो हक्क संपत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर त्यांच्या हिश्शात तुमची आई, दोन भाऊ आणि तुम्ही अशा चौघांचे सारखे वाटे आहेत. या चौघांतले पहिले नाव आईचे आहे, हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण पत्र लिहिताना तुमच्या मनात ते आलेले दिसत नाही आणि बहुधा आईच्या मनातही आलेले नाही.

वारस नोंद झाली आहे का, हे आधी पाहा. फेरफाराची नक्कल आणि चालू सातबारा काढा. आता तो संगणकावरही मिळतो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवावे लागते आणि एकदा स्वखुशीने नोंदवले की मागाहून मन बदलले म्हणून ते रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि तो रस्ता वर्षानुवर्षांचा असतो. म्हणून ‘सोसायटीच्या कर्जासाठी नुसती सही हवी’ असे सांगितले तरी कागद वाचल्याशिवाय, त्याची प्रत घरी आणल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. वकिलाचा खर्च आडवा येत असेल तर तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत सल्ला मिळतो.

एवढे सगळे सांगितल्यावर आता मी भावांच्या बाजूनेही थोडे बोलणार आहे. केळी ही काही बसल्या जागी पैसे देणारी वस्तू नाही. टिश्यू कल्चरच्या रोपांचे पैसे आगाऊ जातात, मे-जूनच्या वादळात एका रात्रीत बाग आडवी होते, हरण्या रोग आला तर उभी रोपे उपटून टाकावी लागतात, आणि बाजारात कापणीच्या वेळी भाव पडला तर घड कापण्याची मजुरीसुद्धा अंगावर येते. सव्वीस वर्षे तुम्ही सासरच्या शेतात राबलात, तशी भावांनी आणि वहिनींनी या नऊ एकरांत राबून काढली आहेत. विहीर, ठिबक, सोसायटीचे कर्ज, वडिलांचे आजारपण, हा सगळा हिशेब मांडायला हवा आणि तो तुम्हीच मागितला पाहिजे. ‘माझा वाटा द्या’ या वाक्याने बोलणे सुरू होण्याऐवजी ‘आपल्या शेतावर काय देणे आहे आणि काय येणे आहे, ते मला एकदा समजावून सांगा’ या वाक्याने ते सुरू झाले, तर त्या घरात कदाचित पहिल्यांदाच एक बहीण ओसरीवर बसून शेताच्या वहीत डोकावेल.

त्यानंतर तुमच्यापुढे सही करणे किंवा न करणे एवढे दोनच मार्ग उरत नाहीत. तुम्ही थोडी जमीन स्वतःच्या नावे ठेवून भावांना ती कसायला देऊ शकता. तुम्ही हिश्शाचा मोबदला हप्त्यांनी घेऊ शकता आणि तो हक्कसोडपत्रातच लिहून घेऊ शकता. तुम्ही सगळे सोडून देण्याचेही ठरवू शकता, आणि तसे केलेत तर मी तुम्हाला भोळी म्हणणार नाही. मात्र ते देणे डोळे उघडे ठेवून केलेले देणे असावे, माहेर तुटेल या भीतीने केलेली फेड नसावी. भीतीने दिलेल्या जमिनीचा सल मी माझ्या आईत पाहिला आहे. तिने आपल्या भावांना अंगठा दिला तेव्हा तिचे वय चाळीसही नव्हते. मामा वारल्यावर पुढच्या पिढीकडून आखाजीचे बोलावणे हळूहळू बंद झाले, आणि शेवटच्या आजारपणात ती मला दोनदा म्हणाली की जमीन गेली त्याचे काही नाही, पण मला कुणी विचारलेच नाही. मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तुमच्या यजमानांनाही एक विनंती आहे. तुम्ही म्हणता तो हक्क तुमच्या पत्नीचा आहे, आणि तो घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच आहे. माहेरच्यांनी कागद पुढे केला आणि सासरच्यांनी तो परत ढकलला, यात तिला स्वतःचा विचार करायला जागा उरत नाही.

आता आईबद्दल. तिने आपला वाटा कुणालाही लिहून देऊ नये, हे तिला या राखीला शांतपणे सांगा. ज्या म्हातारीचे नाव सातबाऱ्यावर आहे तिच्या औषधाला उशीर होत नाही, असे मी खूप घरांत पाहिले आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण ते खरे आहे. पुढेमागे तिला द्यायचेच असेल तर आपल्याला आयुष्यभर सांभाळण्याची अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. अशी अट मोडली गेली तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या २३व्या कलमाखाली प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. अट लिहिलेली नसली की ती सिद्ध करणे फार जड जाते.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला ३२ वर्षांचा शेतकरी आहे. बी.एस्सी. झालो, दोन वर्षे नोकरी केली आणि वडिलांना झेपेना म्हणून परत आलो. पाच एकर बागायत आहे, कापूस, मका आणि हरभरा घेतो, कर्ज फारसे नाही. सहा वर्षांत अकरा ठिकाणी बघणे झाले आणि सगळीकडून एकच निरोप आला : मुलगा चांगला आहे, पण शेती करतो. आता मी मित्रांच्या लग्नालाही जात नाही. एका ओळखीच्या माणसाने दीड लाख रुपयांत बाहेरच्या जिल्ह्यातली मुलगी पाहून देतो असे सांगितले आहे. आईने पैशांची जुळवाजुळवही सुरू केली आहे. मी काय करावे?

उत्तर : त्या माणसाला आजच नाही म्हणा. पैसे घेऊन लग्न जुळवायचे, आठ-पंधरा दिवसांत नवरी दागिन्यांसह नाहीशी व्हायची आणि अब्रूच्या भीतीने घराने तक्रारही करायची नाही, असे प्रकार आपल्या भागात पुष्कळ झाले आहेत आणि पोलिसांत गुन्हेही नोंदले गेले आहेत. यात कित्येकदा ती मुलगीसुद्धा गरिबीमुळे विकली गेलेली असते. आईला हे समजावून सांगण्याचे काम तुमचेच आहे. तिने चालवलेली जुळवाजुळव ही तिच्या काळजीची भाषा आहे, म्हणून रागावू नका.

मुली शेतकरी नवरा का नाकारतात, यावर आपल्या पारावर फार बोलले जाते आणि बहुतेक वेळा मुलींना दोष देऊन ते बोलणे संपते. मी अनेक वर्षे मुलींच्या शाळेत शिकवले. ज्या मुली आज नकार देतात त्यांच्या आया मी पाहिल्या आहेत : पहाटे उठून भाकरी थापायच्या, दिवसभर कापूस वेचायचा, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि एवढे करून शेत कुणाचे असे विचारले की उत्तर ‘आमच्या मालकांचे’. मुलगी मातीला नाही म्हणत नसते. आईला जे आयुष्य मिळाले ते पुन्हा जगायला ती नाही म्हणत असते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी साडेतीन दशकांपूर्वी लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन पत्नीच्या नावे जमीन करा असे शेतकऱ्यांना सांगितले होते आणि पुष्कळांनी ते केलेही. पुढे राज्य सरकारनेही पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. अकरा ठिकाणच्या बघण्यांत तुम्ही एकरांचा आकडा सांगितला असेल. बाराव्या ठिकाणी मुलीशी दहा मिनिटे स्वतंत्र बोलू द्या अशी विनंती करा आणि तिला सांगा की लग्नानंतर सातबाऱ्यावर तुझे नाव लावायची माझी तयारी आहे, घरात गॅस आणि नळ आहे, तुला शिकायचे किंवा नोकरी करायची असेल तर चोपड्याला जाण्यायेण्याची सोय मी करीन. हे सांगण्यापूर्वी वडिलांशी बोलून घ्या, कारण जे तुमच्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये. असे केल्याने लग्न ठरेलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही.

या प्रश्नाचे दुसरे टोक आपल्या सगळ्यांच्या अंगावर येते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. ती मुले आता लग्नाच्या वयाला येत आहेत, म्हणजे तुमच्या धाकट्या भावंडांच्या पिढीला हा प्रश्न अधिक जाचणार आहे. ज्या घरांनी मुलगी नको म्हटले त्याच घरांतून आज ‘सून मिळत नाही’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण शिक्षा भोगणाऱ्या मुलांचा त्यात काही अपराध नाही.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत काळजीचे वाटलेले वाक्य मित्रांच्या लग्नाला न जाण्याचे आहे. माणसांतून उठून जाणे ही सवय लवकर लागते. झोप उडाली असेल, भूक कमी झाली असेल, शेतात जावेसे वाटत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत क्रमांकावर बोला. तेथे रात्रंदिवस आणि मराठीतून बोलता येते. आणि वाचकांतल्या काका-काकूंना, मामा-मावश्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की वरातीत, हळदीत, दशक्रियेतसुद्धा बत्तिशीच्या मुलाला गाठून ‘मग, तुझे कधी?’ असे विचारणे थांबवा. कापसाला काय भाव मिळाला, एवढे विचारले तरी तो तुमच्याजवळ बसेल.

प्रश्न : मी पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरी करतो. वडील ७६ वर्षांचे, आई ७० वर्षांची; दोघेच पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. शेती निम्मे बटाईने दिली आहे. गेल्या वैशाखात आईला उन्हाचा झटका बसला, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले म्हणून निभावले. मी दोघांना पुण्याला आणले, पण बापू वीस दिवसांत परत गेले. ‘तठे माले करमत नही, मी आठेच बरा शे,’ एवढेच म्हणतात. गावातले लोक मला बोलतात की मुलगा असून आईबाप वाऱ्यावर. मी त्यांना आग्रहाने, प्रसंगी रागावून आणावे का?

उत्तर : रागावून आणू नये. बापूंना तिसऱ्या मजल्यावरच्या घरात काय करमणार, याचा विचार करा. गावात ते सकाळी पारावर बसतात, कुणाच्या बैलाला काय झाले ते सांगतात, बटाईदाराला दोन गोष्टी सुनावतात. तिथे त्यांच्या बोलण्याला किंमत आहे. पुण्यात त्यांची अहिराणी समजणारे माणूस खाली उतरून शोधावे लागते, आणि नातवंडेही त्यांना मराठीत किंवा त्याहून परक्या भाषेत उत्तर देतात. करमत नाही या दोन शब्दांत त्यांनी एवढे सगळे सांगितले आहे.

पण आईचे काय, हा प्रश्न उरतोच. तुमच्या पत्रात बापूंचे म्हणणे आहे, गावाचे म्हणणे आहे, तुमचे आहे. आईला कुठे राहायचे आहे ते नाही. बापू शेजारी नसताना तिला विचारा. मला अशा कित्येक आया माहीत आहेत ज्यांना लेकाकडे राहायचे असते, पण यजमानांना एकटे सोडता येत नाही म्हणून त्या गुडघे धरून चूल सांभाळतात. तिचेही उत्तर गावच असेल, तर तुमच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल.

मला सुचते ते असे की वर्षाचे दोन भाग करावेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि या वयात तो जिवावर बेततो. आखाजीला तुम्ही गावी जा, घागर पुजा, पितरांना घास द्या, आणि येताना दोघांना सोबत आणा. मृग लागण्याच्या आधी परत पोचवा. पेरणीला बापू आपल्या बांधावर उभे राहणार आहेत हे त्यांना आधीच माहीत असले की ते पाच आठवडे त्यांना कैद वाटणार नाहीत. आखाजीपूर्वीच्या उन्हासाठी दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायचे नाही, पाण्याची मडकी दोन ठिकाणी ठेवायची आणि पत्र्याच्या खोलीत झोपायचे नाही, एवढे नियम घालून द्या.

उरलेल्या दिवसांसाठी शेजाऱ्यांना ‘लक्ष असू द्या’ असे मोघम सांगू नका. सगळ्यांवर सोपवलेले काम कुणाचेच नसते. गल्लीतल्या एका घराला स्पष्ट सांगा की रोज सकाळी दार उघडलेले दिसले नाही तर आत जा आणि मला फोन करा. घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा, दवाखान्यासाठी काही रक्कमही त्यांच्याकडे ठेवा, म्हणजे मदत करताना त्यांना खिशाकडे पाहावे लागणार नाही. त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी शोधायची असेल, परीक्षेला यायचे असेल, तर तुमचे घर त्याचे आहे असे समजा. गावात उपकार असेच फिरत आले आहेत आणि त्यात कमीपणा नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांकही आहे. तो आईच्या फोनमध्ये घालून ठेवा आणि कसा लावायचा ते तिच्याकडून दोनदा करून घ्या.

गाव बोलते, ते बोलू द्या. ज्यांनी आईला उचलून दवाखान्यात नेले त्यांनी बोलण्याचा हक्क कमावला आहे. त्यांच्या घरी जाऊन नमस्कार केलात का, हे मात्र तुम्ही पत्रात लिहिलेले नाही.

प्रश्न : आमचे गाव शिंदखेडा तालुक्यात आहे. बांधावरून चुलतभावाशी चार वर्षांपासून अबोला आहे. आधी कानबाईचे रोट दोन्ही घरांचे एकत्र होत. आता आम्ही वेगळे करतो आणि तेही वेगळे करतात. मोठी माय म्हणते की मला डोळे मिटण्याआधी एकदा रोट एकत्र पाहायचे आहेत. आम्ही पुढाकार घेतला तर बांधावर आमची चूक होती असे होईल का? मध्यंतरी त्यांच्याकडे नात झाली, तीही आम्ही पाहिलेली नाही.

उत्तर : तसे होणार नाही. बांधाची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, शुल्क भरून होते. मोजणीदार येतो, खुणा करून देतो, आणि दोघांनी अर्धे-अर्धे शुल्क भरले तर कुणी कुणावर फिर्याद केली असेही दिसत नाही. ते काम कार्यालयावर सोपवा. कानबाईला त्यात साक्षीला बोलवू नका.

बांधाबद्दल एक शब्दही न काढता आधी नात पाहायला जा. मोठ्या मायला पुढे घाला, झबले-टोपडे न्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट येतील, त्याच्या आधी जायला अजून वेळ आहे. तिथे बसल्यावर मोठ्या मायनेच म्हणावे की यंदा दळण एका घरी होऊ द्या. तिच्या शब्दाला दोन्ही घरे नाही म्हणणार नाहीत, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. समजा ते नाही म्हणाले, तरी नात तर पाहून झाली, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा विचारता येईल.

आणि रोटाचे गहू काढताना अनेक घरांत पुरुषांच्या संख्येने सव्वा-सव्वा मूठ धरतात, तशी तुमच्याकडेही धरत असतील. आमच्या घरी माझ्या सासूबाईंनी त्यांच्या शेवटच्या कानबाईला घरातल्या मुलींच्याही मुठी धरल्या होत्या आणि कुणी विचारले तेव्हा ‘त्या काय पाहुण्या आहेत का?’ एवढेच म्हणाल्या होत्या. मोठ्या मायला विचारून पाहा; तिची हरकत नसेल तर या वर्षी त्या नातीच्या नावाची सव्वा मूठ तिच्याच हातून धरून घ्या.